सभेत बोलायला उभे राहताना या चुका टाळा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात व्याख्याने ऐकायला जाण्याची या शहराची सवय अजूनही टिकून आहे. व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. इतकी जुनी परंपरा असलेल्या शहरात प्रत्येकाला चारचौघांत नीट बोलता येत असणार, असे परगावच्या माणसाला वाटू शकते. परंतु जो सोसायटीच्या वार्षिक सभेला, शाळेच्या पालकसभेला आणि नात्यातल्या शोकसभांना नियमाने जातो, त्याचा अनुभव निराळा असतो. पुणेकर श्रोता जाणकार आहे यात शंका नाही. स्वतः उभे राहून पाच मिनिटे बोलण्याची वेळ आली की मात्र त्याला शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवते आणि तो त्याच थाटात बोलू लागतो.

स्पर्धेतल्या भाषणाने पुढे काही घडायचे नसते. परीक्षक गुण देतात, ढाल मिळते किंवा मिळत नाही, आणि विषय तिथेच संपतो. सभेत मात्र बोलणे झाल्यावर काहीतरी ठरायचे असते. खर्चाला मंजुरी द्यायची असते, शाळेच्या रिक्षांसाठी फाटकापाशी जागा ठरवायची असते, नाल्याची तक्रार कोणी तरी लिहून घ्यायची असते. त्यामुळे उठण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझे बोलून झाल्यावर समोरच्यांनी नेमके काय करावे अशी माझी अपेक्षा आहे? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तूर्त बसून राहिलेले बरे. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

मागणी शेवटासाठी राखून ठेवणे

सहकार कायद्यानुसार गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात कोथरूडपासून हडपसरपर्यंत रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. समजा, टँकरच्या खर्चाविषयी एका सभासदाला बोलायचे आहे. तो उठतो आणि म्हणतो, ‘‘मी या सोसायटीत पहिल्यापासून राहतो. बिल्डरने ताबा दिला तेव्हा इथे रस्तासुद्धा नव्हता. तेव्हाच्या कमिटीने बोअर घेतली, त्या वेळीही मी विरोध केला होता...’’ तिसऱ्या मिनिटाला जुन्या कमिटीतला कोणी तरी उठून बोअरच्या खर्चाचा खुलासा करू लागतो, मूळ विषय बाजूला पडतो, आणि टँकरचा उल्लेख होईपर्यंत अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळलेले असतात.

हाच सभासद असेही बोलू शकला असता: ‘‘टँकरवरचा खर्च जमाखर्चात एकाच रकमेत दाखवला आहे. तो महिनावार मिळावा, आणि पुढचे कंत्राट किमान तीन ठिकाणचे दर मागवून द्यावे, अशी सूचना मी मांडतो. त्याची दोन कारणे आहेत.’’ इतके ऐकल्यावर सभेला आपल्यापुढे काय आले आहे ते कळते. ज्यांना मान्य आहे ते माना डोलावतात, ज्यांना मान्य नाही ते नेमक्या त्या सूचनेला विरोध करतात, आणि दोन्ही परिस्थितींत चर्चा टँकरचीच होते. इतिहास सांगायचाच असेल तर तो कारणांच्या ओघात एका वाक्यात सांगावा. शिवाय सूचनेला अनुमोदक लागतो, ही गोष्ट लोक विसरतात. सभेच्या आदल्या दिवशी शेजारच्या एका सभासदाशी बोलून ठेवले तर सूचना मांडल्यावर जी अवघडलेली शांतता पसरते ती पसरत नाही. हे बोलणे जिन्यात होते, तरी माझ्या मते तेही वक्तृत्वाच्या तयारीचाच भाग आहे.

नेमकी मागणी आणि तिच्या पाठीशी आकडे, ही पुण्याच्या सार्वजनिक जीवनातली जुनी शिस्त आहे. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक राहिलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कायदे मंडळात अर्थसंकल्पावर जे भाषण केले, ते सरकारच्याच आकड्यांवर उभे होते. तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ रयत सुखात आहे असा होत नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो म्हणून ती पडते, असे त्यांनी मांडले आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. त्याआधी वीस वर्षे, १८८२ साली, पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा स्त्रीशिक्षण वाढले पाहिजे एवढेच म्हणून त्या थांबल्या नाहीत. प्रशिक्षित शिक्षिका हव्यात, शाळा तपासायला स्त्रिया नेमाव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण खुले करावे, अशा एकेका गोष्टीची त्यांनी मागणी केली. आयोगाला लिहून घेता येईल असे हे बोलणे होते. पालकसभेत ‘‘शाळेने मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे’’ असे बोलून खाली बसणाऱ्यांनी या साक्षीचा विचार जरूर करावा. लक्ष देतो, असे मुख्याध्यापक म्हणतात आणि विषय मिटतो.

चुकीच्या ठिकाणी बरोबर बोलणे

महापालिकेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, आणि आधी लेखी अर्ज दिलेल्या नागरिकाला तिथे अधिकाऱ्यांसमोर आपले म्हणणे मांडता येते. इथे मिळणारी मिनिटे मोजकी असतात, आणि ती वीज, वाहतूक, अतिक्रमण, सातबारा अशा सगळ्या तक्रारी एका दमात सांगण्यात संपून जातात. विजेचा प्रश्न महावितरणचा, वाहतुकीच्या नियमनाचा पोलिसांचा, गटाराचा महापालिकेचा आणि जमिनीच्या नोंदीचा महसूल खात्याचा. समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात जे आहे तेवढेच त्याला सांगावे. त्याच्या हातात नसलेली एक तक्रार मध्ये आली की त्याला ‘‘हे आमच्याकडे येत नाही’’ म्हणायची सोय होते, आणि त्या एका वाक्यात बाकीच्या तीन तक्रारीही वाहून जातात.

व्यासपीठाची नामावळी

‘‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो’’ ही सुरुवात चौथीतल्या मुलाला शोभते. मोठी माणसे ती वाढवून प्रत्येक मान्यवराचे पद, उपपद आणि माजी पद यांसह घेतात, आणि पाच मिनिटांतली दोन त्यात घालवतात. अध्यक्षांचे आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव घ्यावे, बाकीच्यांना एकत्र नमस्कार करावा. नाव राहिले म्हणून कोणी रुसेल अशी भीती असते. पण सात नावे घेऊन आठवे राहिले तर तो माणूस खरोखरच रुसतो. जी दोन नावे घ्यायची ती मात्र आधी विचारून, लिहून आणि उच्चार पक्का करून घ्यावीत.

सगळे पाठ करणे

पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या आधाराने आठवते. त्यामुळे एखादे वाक्य निसटले, किंवा मागच्या रांगेत मोबाइल वाजला, की पुढचे सगळेच नाहीसे होते आणि माणूस छताकडे बघू लागतो. उपाय सोपा आहे. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य तोंडपाठ करावे, मधले मुद्दे ठरवून ठेवावेत आणि त्यांची वाक्ये तिथल्या तिथे होऊ द्यावीत. चिठ्ठीवर फक्त आकडे, नावे आणि मुद्द्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत. फुलस्केप कागद हातात घेतला तर हाताची किंचित थरथर कागदाच्या टोकाला मोठी होऊन दिसते, म्हणून जाड कागदाचा छोटा तुकडा बरा. मोबाइलवर मुद्दे लिहून आणणारे ऐन वेळी काळोख्या पडद्यावर बोट घासत बसतात. वेळेचा अंदाज घरी मोठ्याने बोलून आणि घड्याळ लावून घ्यावा. मनातल्या मनात वाचताना पाच मिनिटांचे वाटलेले भाषण मोठ्याने बोलताना सहज आठ मिनिटांवर जाते.

भीती लपवण्यात शक्ती घालवणे

उभे राहण्यापूर्वी तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडते, तळहात ओले होतात. शरीर धोक्याला तोंड देण्यासाठी ॲड्रेनलिन सोडते, त्याचे हे परिणाम आहेत, आणि अनुभवी वक्त्यांनाही ते जाणवतात. चूक होते ती पुढे: ही लक्षणे सगळ्यांना दिसत आहेत असे समजून माणूस घाईने बोलू लागतो, घाईमुळे श्वास अपुरा पडतो आणि आवाज अधिकच कापतो. केनेथ सावित्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की वक्त्याला स्वतःची अस्वस्थता जितकी उघड वाटते तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट ज्यांना भाषणापूर्वी समजावून सांगितली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणून ‘‘मला बोलायची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या’’ हे प्रास्ताविक वगळावे. श्रोत्यांच्या जे लक्षातही आले नसते ते आपणच त्यांना दाखवून देतो.

बसल्या जागी चार-पाच वेळा श्वास नेहमीपेक्षा सावकाश बाहेर सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. उभे राहिल्यावर लगेच तोंड उघडू नये. खुर्च्या सरकण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबावे, ओळखीचा एक चेहरा शोधावा आणि पहिले वाक्य त्याच्याकडे पाहून बोलावे.

माइकशी भांडण

बोटाने टकटक करणे, फुंकर मारणे आणि ‘‘आवाज येतोय का?’’ असे तीनदा विचारणे, एवढ्यात सभेचे लक्ष निम्मे उडालेले असते. पहिले वाक्य नेहमीच्या आवाजात बोलून मागच्या रांगेकडे पाहिले तरी समजते. हातातला माइक तोंडापासून साधारण चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली धरावा. अगदी तोंडासमोर धरला तर प, फ, ब, भ उच्चारताना सुटणारी हवा थेट त्यावर आपटते आणि स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. व्यासपीठावरच्या उभ्या माइकपासून एक वीत अंतर ठेवावे, आणि बोलताना मान डावी-उजवीकडे फिरवायची असेल तर तोंड माइकच्याच रोखाने राहील असे पाहावे.

कानठळ्या बसवणारी शीळ सुरू झाली की वक्ता साउंडवाल्याकडे रागाने पाहतो, पण दोष पुष्कळदा वक्त्याच्याच हातात असतो. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून पुन्हा वाढवला जातो, त्या फेऱ्यातून ती शीळ निघते. माइकची जाळी मुठीत धरली की त्याची फक्त समोरचा आवाज घेण्याची रचना बिघडते आणि तो सगळीकडचा आवाज ओढू लागतो. म्हणून दांडा धरावा, जाळी मोकळी ठेवावी आणि स्पीकरच्या पुढे जाऊन बोलू नये. शीळ आली तर माइक खाली, स्पीकरच्या दिशेने, वळवण्याची चूक हमखास होते; त्याऐवजी तो तोंडाजवळ आणावा, म्हणजे साउंडवाल्याला आवाज कमी करता येतो.

पार्किंग किंवा क्लबहाउसमध्ये गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. अशा ठिकाणी जोरात बोलावे तितके शब्द एकमेकांत मिसळतात. आवाज थोडा उतरवावा, वाक्ये लहान ठेवावीत आणि प्रत्येक आकड्यानंतर क्षणभर थांबावे. पाण्याचा पंप सुरू झाला तर त्याच्यावर ओरडण्यापेक्षा कोणाला तरी तो बंद करायला पाठवावे.

शोकसभेत स्वतःविषयी बोलणे

‘‘माझे आणि अण्णांचे संबंध अत्यंत जिव्हाळ्याचे होते’’ अशी सुरुवात झाली की पुढे अण्णा फारसे येत नाहीत; त्यांनी वक्त्याचे कसे कौतुक केले, वक्त्याच्या कोणत्या समारंभाला ते आले होते, हेच येत राहते. घरच्या माणसांना त्यांना ठाऊक नसलेले अण्णा ऐकायचे असतात. अण्णा बँकेत काउंटरवर असताना सही न येणाऱ्या बायकांना अंगठ्याऐवजी सही गिरवायला शिकवत असत, असा एक प्रसंग सांगितला तरी पुरे. विशेषणे टाळावीत आणि तीन मिनिटांत बसावे. सत्काराच्या भाषणालाही हेच लागू पडते.

प्रश्नाच्या नावाखाली व्याख्यान

ही चूक खास पुणेरी म्हणावी लागेल. व्याख्यान संपते, ‘‘काही प्रश्न असल्यास’’ असे सूत्रसंचालक म्हणतात, आणि एक गृहस्थ उठून ‘‘प्रश्न असा नाही, पण...’’ म्हणत सात मिनिटे वक्त्याच्या विषयावर स्वतःचे मत देतात. माझ्या पाहण्यात आलेल्या सर्वोत्तम श्रोत्यांचे प्रश्न दोन वाक्यांत संपत असत: पहिल्यात वक्त्याचे कोणते विधान मनात धरले आहे ते, आणि दुसऱ्यात प्रश्न. मत मांडायचेच असेल तर कार्यक्रमानंतर वक्त्याला गाठावे, किंवा वृत्तपत्राला पत्र लिहावे. तीही या शहरातली चांगली रीत आहे.

बोलून झाले म्हणजे काम झाले, असे समजणे

सभेत टाळ्या पडल्या तरी सोसायटीच्या कामकाजात फक्त इतिवृत्तात लिहिलेले टिकते. म्हणून ज्या शब्दांत सूचना मांडली ते शब्द एका कागदावर लिहून, स्वतःचे व अनुमोदकाचे नाव घालून, सभा संपण्यापूर्वीच सचिवांच्या हाती द्यावेत. सचिवांना ते आवडते, कारण त्यांचे लिहिण्याचे काम वाचते. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिलाच विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो, आणि त्या वेळी निम्मे सभासद चहाच्या टेबलापाशी उभे असतात. ‘‘टँकरबाबत चर्चा झाली’’ एवढेच वाक्य तिथे वाचले गेले, तर हात वर करून आपली मूळ सूचना पुन्हा वाचून दाखवावी आणि दुरुस्ती नोंदवून घेतल्यावरच इतिवृत्त कायम होऊ द्यावे.