घट, जप, यल्लम्मा आणि तारा : देवीच्या उपासनेतल्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात देवीचं काही करायचं म्हटलं की घरातली थोरली बाई आधी विचारते, "झेपेल का तुला? देवीचं कडक असतं." मग घटातलं धान कुजलं, दिवा विझला किंवा माळ तुटली की कोप झाला म्हणून देवऋषी गाठायचा. आपल्याकडे देवीची उपासना खरी अडते ती या धास्तीपाशी. जिला आई म्हणून हाक मारायची तिचाच धाक उराशी घेऊन बसलं, तर मन तिच्यात रमणार कसं? म्हणून खाली चुका सांगताना त्यांची साधी कारणंही सांगते. बरीचशी कारणं देवघरातच सापडतात.

घटातलं धान का कुजतं?

नवरात्रात सगळ्यात जास्त घबराट यावरून. रीत बहुतेकांना माहीत आहे. पत्रावळीवर किंवा बुरडाच्या दुरडीत शेतातली माती, तीत गहू, जोंधळा, साळ अशी सात किंवा नऊ धान्यं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर विड्याची पानं नि नारळ, आणि रोज एक माळ. चुकतं ते पाण्यात. नवा मातीचा घट पाझरतो, आणि नऊ दिवस धान्याला ओल मिळायची सोय त्या पाझरातच आहे. आपण मात्र भक्तीच्या भरात रोज सकाळी वरून तांब्याभर पाणी ओततो. तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागतो नि घरात कुजबुज सुरू होते.

बोटाचं एक पेर मातीत घालून पाहा. माती बोटाला चिकटून आली तर त्या दिवशी पाणी देऊ नका. कोरडी लागली तर हातानं शिंपडा, ओतू नका. हल्ली मातीच्या घटाऐवजी तांब्याचा कलश ठेवायची पद्धत आली आहे. तो पाझरत नाही, तेव्हा तिथं दोन्ही वेळा शिंपडावंच लागतं.

मातीचंही बघावं लागतं. अथणी-चिकोडीकडची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की चिखल होऊन दाण्याला हवा मिळत नाही. तीत चाळलेली वाळू आणि मूठभर जुनं शेणखत मिसळा. खानापूरकडच्या तांबड्या मातीतून पाणी लवकर निघून जातं, तिला थोडं जास्त लागतं. धान्य आदल्या रात्री भिजवा, किडकं घेऊ नका, दाणे एकावर एक दाटीनं पेरू नका. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्यानं काढून टाका आणि दोन दिवस पाणी कमी करा. बाकीचं धान येतं.

आणि रंग. पिवळं धान आलं की सोन्यासारखं वर्ष जाणार म्हणतात. हिरव्याचाही कुणी शकुन लावतं, कुणी अपशकुन. खरं म्हणजे अंधाऱ्या देवघरात उजेड मिळत नाही म्हणून धान पिवळं वाढतं, खिडकीजवळच्या घटातलं हिरवं होतं. मुलाला हे शाळेत शिकवलेलं असतं. तो सांगायला लागला तर त्याला गप्प करू नका.

अखंड दिव्याचीही तीच गत. वात काजळली की ज्योत लहान होते, तेल वातीला चढेनासं होतं नि दिवा जातो. रात्री झोपण्याआधी मूळ दिव्यावरून एक निरांजन लावून ठेवा, मग काजळी झाडा, वात पुढे सारा, तेल भरा. मधे दिवा गेलाच तर निरांजनावरून पुन्हा लावता येतो. वाऱ्यासाठी काच ठेवत असाल तर खालून हवा यायला फट हवी, नाहीतर काचच दिवा विझवते. एवढं करूनही विझला तर नमस्कार करून परत लावायचा. त्यासाठी कुणाला दक्षिणा द्यायची गरज नाही.

सप्तशतीचा धडाका

दुर्गासप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले 13 अध्याय, 700 मंत्र. नवरात्रात रोज पूर्ण पाठ करायचा संकल्प करायचा आणि चौथ्या दिवशी घसा बसून, कंबर धरून, नुसती पानं उलटायची, हे घरोघरी होतं. सात दिवसांची जुनी वाटणी आहे ती वापरा. पहिल्या दिवशी 1 अध्याय, मग 2, 1, 4, 2, 1 आणि सातव्या दिवशी 2. त्यालाही वेळ नसेल तर महिषासुरवधाचं मधलं चरित्र, म्हणजे दुसरा ते चौथा अध्याय, सावकाश नि अर्थ समजून वाचा. अध्याय मात्र अर्ध्यात सोडू नका, अशी परंपराच आहे आणि ती वाचणाऱ्याच्या भल्याची आहे, कारण कथा तुटली की लक्षही तुटतं.

बीजमंत्राचा जप व्हिडिओ बघून सुरू करू नये. नवार्ण, म्हणजे देवीचा नऊ अक्षरांचा मंत्र, गुरूकडून घ्यायचा असतो. गुरू नसेल तर नामजप, देवीची आरती, कुंकुमार्चन, अर्गला स्तोत्र यांत काही कमी नाही. अडचणीच्या दिवसांत अनुष्ठान मोडलं म्हणून रडणाऱ्या मुली मला भेटतात. घरची रीत पाळायची असेल तर तेवढे दिवस मनातल्या मनात जप करावा, संकल्पाला काही होत नाही. बौद्ध ताराच्या साधनेत (तिच्याबद्दल पुढे येईल) तर त्या दिवसांना अशी बंदीच नाही.

जट, जोगवा आणि यल्लम्मा

सौंदत्तीची रेणुका यल्लम्मा ही या भागाची आई. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला डोंगरावर कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्रातून माणसं लोटतात. जोगनभावीच्या कुंडावर अंघोळ, अंगाला भंडारा, उदो उदोचा गजर, घरून नेलेला आंबील-पोळीचा नैवेद्य. कानडी आणि मराठी बायका एकाच चुलीवर भांडी चढवतात, कुणाला कुणाची भाषा विचारावी लागत नाही. ही जत्रा कुणी बंद करा म्हणणार नाही. पण तिच्या नावावर जे चाललं होतं, आणि कुठे कुठे अजून चोरून चालतं, त्याबद्दल मी गप्प बसणार नाही.

मुलीच्या डोक्यात जट झाली म्हणजे देवीनं तिला बोलावलं, ही समजूत अजून गेलेली नाही. केस न विंचरता राहिले, उवा झाल्या, घाम नि धूळ बसली की केस एकमेकांत गुंततात. मग "देवीची आहे, हात लावू नका" म्हणून त्यावर भंडारा लावायचा, तेल-फणी बंद करायची. जट वाढणारच. लहान जट खोबरेल तेलात रात्रभर भिजवून, बोटांनी सोडवत, जाड दाताच्या फणीनं टोकाकडून वर उकलता येते. घट्ट झाली असेल तर कात्रीनं कापायची. कापल्यानं कुणाचं वाईट होत नाही. उलट मानेचा भार जातो, डोक्यातल्या जखमा भरतात आणि ती पोर शाळेत परत जाते.

मुलगी देवीला सोडणं, म्हणजे देवदासी करणं, हा कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिची संमती होती, हा बचाव चालत नाही आणि आई-बापांनीच केलं तर शिक्षा जास्त आहे. अंगावर फक्त कडुलिंबाचा पाला गुंडाळून देवीला जायच्या, लिंब नेसण्याच्या प्रथेवरही बंदी आहे. शेजारी असं काही शिजत असल्याचा संशय आला तर 1098 या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर कळवा. पण म्हणून परडी घेऊन दारी आलेल्या, यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणीला किंवा जोगप्पाला तिडीक दाखवू नका. त्यांच्यातल्या बहुतेकांना लहानपणी कुणी विचारलेलंच नसतं. लोककलावंत मंजम्मा जोगती यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतल्या नाच-गाण्यासाठी. जोगवा घालताना सूप पुढे करण्याआधी बसायला पाट द्या.

अंगात येण्याबद्दलही थोडं. जत्रेत हलगी-चौंडकं वाजलं की बाईच्या अंगात येतं नि वाद्य थांबलं की शांत होते, तिथं घाबरण्यासारखं काही नाही. पण घरात, वाद्याशिवाय, वारंवार होत असेल, झोप उडाली असेल, दातखिळी बसत असेल, तोंडाला फेस येत असेल तर आधी डॉक्टर. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे.

तारा : नाव एक, देवता दोन

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जाऊन आलेली पुष्कळ मंडळी हल्ली घरी हिरव्या तारा या बौद्ध देवीचं चित्र लावतात. मला याचा आनंदच आहे. तारा आपल्याला परकी नाही. गदग जिल्ह्यातल्या डंबळ गावी 1095 चा शिलालेख आहे, त्यात तारा भगवतीचं स्तवन आहे आणि तिथल्या बौद्ध विहाराला व ताराच्या मंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे. चालुक्य विक्रमादित्याच्या काळात इथले व्यापारी तिला हात जोडत होते.

मात्र दशमहाविद्यांतली, म्हणजे शाक्त तंत्रातल्या दहा देवींपैकी, तारा आणि बौद्ध तारा यांची सरमिसळ करू नका. महाविद्यांतली उग्र, शवावर उभी, तंत्रमार्गातली. बौद्ध हिरवी तारा उजवा पाय खाली सोडून, उठायच्या तयारीत बसलेली, उजवा हात वरद, डाव्या हातात निळं कमळ. एकीचं ध्यान करून दुसरीचा मंत्र म्हणणारे भेटतात, आणि मग मन लागत नाही अशी तक्रार करतात. जपमाळेचे नियमही वेगळे. आपल्याकडे उजवा हात, तर्जनी लावायची नाही, मेरू, म्हणजे माळेचा मुख्य मणी, ओलांडायचा नाही. तिबेटी माणूस डाव्या हातानंही माळ ओढताना दिसेल. ज्या देवतेचा जप, तिच्या परंपरेचा नियम पाळा.

"ओं तारे तुत्तारे तुरे स्वाहा" हा दहा अक्षरी मंत्र दीक्षेशिवायही श्रद्धेनं म्हणता येतो, एकवीस तारांची स्तुतीही. वज्रयोगिनीसारख्या तांत्रिक साधना मात्र अभिषेकाशिवाय, म्हणजे गुरूच्या दीक्षेशिवाय, करायच्या नसतात, तिथं पुस्तक आणून सुरुवात करू नका.

आपल्याकडची मोठी चूक म्हणजे ताराला नवसाची देवी करणं. तारा आठ भयांतून सोडवते असं म्हणतात : सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बेडी, पूर आणि पिशाच्च. परंपरेत या आठांची आतली नावं अनुक्रमे गर्व, अज्ञान, राग, मत्सर, चुकीच्या समजुती, कंजूषपणा, आसक्ती आणि शंका अशी सांगितली आहेत. जप करताना आज यातलं कोणतं माझ्या मानगुटीवर आहे, एवढं एक निवडा. सासू-सुनेच्या घरात साप बहुधा लगेच सापडतो. दुसरी चूक म्हणजे मंत्र तेवढा म्हणायचा आणि पुढचं-मागचं गाळायचं. आधी शरण जाणं आणि सगळ्यांच्या भल्याचा संकल्प, शेवटी ताराचं रूप प्रकाशात विरून आपल्यात मिसळलं असं ध्यान, मग पुण्य सर्वांना वाहणं. हे गाळलं की जप कोरडा वाटतो, आणि दोष मंत्राला जातो.

ताराची कथा अशी की ती पूर्वी ज्ञानचंद्रा नावाची राजकन्या होती. पुढच्या जन्मी पुरुष हो, असं भिक्षूंनी सुचवलं तेव्हा तिनं स्त्रीच्या देहातच बोधी मिळवायचा निश्चय केला. डिसेंबर 2016 मध्ये मुंडगोडलाच 20 भिक्षुणींना गेशेमा ही पदवी दलाई लामांच्या हस्ते मिळाली. ही सर्वोच्च विद्वत्तेची पदवी तोवर जवळपास भिक्षूंनाच मिळायची. तिथं गेलात तर मोठ्या प्रार्थनागृहांबरोबर भिक्षुणींचा विहारही बघून या.

एक पथ्य शेजाराचं. आंबेडकरी बौद्ध घरी ताराचं चित्र घेऊन "ही तुमचीच की" असं म्हणू नका. 1956 च्या नागपूरच्या 22 प्रतिज्ञांत गौरी-गणपतीसह देवदेवतांची उपासना नाकारली आहे, आणि त्या नाकारण्यामागे पिढ्यांची वेदना आहे. तिथं बुद्धवंदनेला बसा, बुद्धांना वाढवणाऱ्या मावशीबद्दल, महाप्रजापती गौतमीबद्दल ऐका.

मुंडगोडला मंत्र रीतसर ऐकायचा असेल तर लामांना "लुंग" द्याल का असं विचारा. ते मंत्र वाचून दाखवतात, तुम्ही नुसतं ऐकायचं. जाताना खाता हे पांढरं उपरणं न्या, प्रार्थनागृहाला उजवी घालून फिरा आणि पूजा चालू असताना मोबाईल खिशात ठेवा.