सार्वकालिक जीवनाची तयारी कशी करावी

तयारीला लागण्यापूर्वी आपली आशा कशावर उभी आहे, हे तपासून पाहावे. आपण किती वर्षे मंडळीत (चर्चमध्ये) आहोत, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) नियमित दिला की नाही, घराण्यात कितव्या पिढीपासून ख्रिस्ती विश्वास आहे, असा हिशेब मनात चालू असेल, तर तो तिथेच थांबवावा. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे व नववे वचन सावकाश वाचावे. तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ते देवाचे दान आहे आणि कर्मांनी ते मिळवता येत नाही, असे प्रेषित पौल तेथे स्पष्ट लिहितो. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याला एकही सत्कृत्य करण्यास अवधी उरला नव्हता. तरीही त्याच दिवशी सुखलोकात असण्याचे अभिवचन त्याला मिळाले. म्हणून तयारी ही तारणाची किंमत समजून करू नये. ज्याला क्षमा मिळाली आहे, त्याने त्या क्षमेला साजेसे जगावे, एवढाच तिचा अर्थ आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला आहे; पाच शहाण्यांनी जादा तेल घेतले होते, पाच मूर्खांनी नाही, म्हणून त्या बाहेर राहिल्या. तो आपल्याकडे बहुधा भीती घालण्यासाठी सांगितला जातो. त्यातील एक गोष्ट मात्र सहज निसटते: वराला उशीर झाला तेव्हा शहाण्या कुमारीही झोपी गेल्या होत्या. त्यांच्यापाशी तेल होते, म्हणून त्यांना झोपण्याची भीती नव्हती. जग कधी संपेल याचे तर्क लढवण्यात रात्री घालवू नयेत. थेस्सलनीका येथील काही जण कामधंदा सोडून बसले, तेव्हा पौलाने त्यांना आपापले काम निमूटपणे करून स्वतःची भाकर खाण्यास बजावले.

सर्वांत कठीण भाग समेटाचा आहे आणि माझ्या मते खरी तयारी तिथेच कळते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी प्रभू येशूची आज्ञा आहे. प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा) रविवार जवळ आला की आदल्या आठवड्यात शांत बसून, ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्यांची नावे कागदावर लिहावीत. शेताच्या बांधावरून दुरावलेला भाऊ असेल, तर त्याच्या घरी स्वतः जावे. "माझे चुकले, मला क्षमा कर" एवढेच म्हणावे, "पण तूही तेव्हा..." हे पुढचे वाक्य गिळावे. वहिवाटीचा प्रश्न त्या दिवशी काढू नये. त्याने दार लावून घेतले, तरी निराश होऊ नये, कारण रोमकरांस पत्रात, आपल्याकडून होईल तितके सर्वांबरोबर शांतीने राहा, असे सांगितले आहे.

रोजच्यासाठी फार काही लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी एक स्तोत्र वाचावे, त्या दिवसाचे पाप नाव घेऊन कबूल करावे आणि क्षमेबद्दल आभार मानावेत. आपल्या अंत्यविधीत कोणते गीत व कोणते वचन असावे, हे लिहून घरच्यांना सांगून ठेवावे. मृत्युपत्रही वेळीच करावे, म्हणजे मागे वाद राहत नाहीत.

घरात कोणी अखेरच्या आजारात असेल, तर पाळकांना लवकर बोलवावे. कॅथलिक कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, की आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवायचा नसतो. गंभीर आजारातच तो घेता येतो आणि तेव्हा रुग्णाला स्वतः प्रार्थनेत सहभागी होता येते. अंथरुणाशी बसून योहानाच्या 14 व्या अध्यायाची पहिली तीन वचने किंवा 23 वे स्तोत्र वाचावे. एका वेळी एवढेच पुरे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने ज्यांना पाठ आहेत, त्यांनी एखादे हलक्या आवाजात म्हणावे; बोलणे थांबलेला माणूसही पुष्कळदा ओळखीच्या ओळीला ओठ हलवतो. त्याच्या विश्वासाची उलटतपासणी घेऊ नये आणि "तुम्ही नक्की बरे व्हाल" असे खोटे आश्वासनही देऊ नये. त्याला काही कबूल करायचे असेल, तर खोलीतील गर्दी बाहेर न्यावी.

मृत्यूनंतर शोक करणाऱ्यांना "विश्वासी माणसाने रडू नये" असे सांगणे शास्त्राला धरून नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे पौल म्हणतो. मुळीच शोक करू नका, असे तो म्हणत नाही. मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, उठवण्यापूर्वी प्रभू स्वतः रडला. त्या घरी जाऊन थोडा वेळ बसावे, पुनरुत्थानाचे वचन वाचावे, प्रार्थना करावी आणि पाहुणे पांगल्यावर पुढच्या महिन्यातही पुन्हा जावे.