बडोद्यात स्वतःची थेरपी प्रॅक्टिस सुरू करताय ना, मग आधी फी तोंडाने बोलायला शिका

गेल्या काही महिन्यांत तीन मुलींनी मला फोन करून तोच प्रश्न विचारला, ताई एमए झालंय, इंटर्नशिप झालीय, आता स्वतःचं सुरू करायचंय तर काय काय लागेल. तिघींनी खोलीचं विचारलं, खुर्च्या कुठून घेऊ विचारलं, इन्स्टावर पेज काढू का विचारलं, आणि फी किती घेऊ हे अगदी शेवटी, ते पण आवाज खाली करून. म्हणून लिहायला बसले, कारण माझी पहिली दोन वर्षं त्याच एका गोष्टीपायी खूप जड गेली.

मी दांडिया बाजारातली, सयाजीराव विद्यापीठातून सायकॉलॉजी केलं, आता आठ वर्षं झाली काउन्सेलिंग करतेय. बाबा बँकेत होते, आजोबा शिक्षक. आमच्या घरात पैसा म्हणजे एक तारखेला पासबुकात येणारी गोष्ट, तो समोरच्या माणसाकडे मागायचा असतो हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. त्यात आपण मराठी माणसं भिडस्त, नातेवाइकाला उसने दिलेले पैसे पण परत मागत नाही. आणि आपला धंदा असा की समोरचा रडतोय, त्याचं घर मोडतंय, आणि पन्नास मिनिटं झाल्यावर आपण म्हणायचं की अमुक रुपये द्या. जीभच उचलत नाही हो.

तर मी काय करायची, फी ५०० ठेवली होती, पण कुणी विचारलं की म्हणायची "तसं पाचशे आहेत, पण तुम्ही तुमच्या सोयीने द्या, सावकाश द्या." मला वाटायचं मी फार चांगुलपणा करतेय. एक क्लायंट होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), तीसेक वर्षांची, नवऱ्याची नोकरी गेलेली, खूप छान काम चाललं होतं आमचं, झोप लागायला लागली होती तिला. चार सेशनचे पैसे राहिले. मी कधी काढलं नाही, तिने पण नाही काढलं, पाचव्या वेळी ती आलीच नाही. मेसेज केला तर "थोडं काम आहे मॅडम, कळवते." मग कधीच नाही. सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्याहून अनुभवी थेरपिस्टला आपलं काम दाखवतो तिथे, ही केस नेली तेव्हा माझ्या सुपरव्हायझरने विचारलं, दोन हजार रुपये डोक्यावर घेऊन ती तुझ्या दारात कोणत्या तोंडाने आली असती? मी गप्प झाले. माझा संकोच वाचवायला मी तिला देणेकरी करून ठेवलं होतं, आणि तिची थेरपी त्यात सुटली. फी कमी ठेवा, जास्त ठेवा, एखाद्याला पूर्ण माफ पण करा, पण मोघम ठेवू नका, मोघम फीचा भार सगळा क्लायंटवर जातो.

बोलायला कसं शिकले ते सांगते. अकोट्यात मी जी खोली भाड्याने घेतली तिचे मालक गुजराती काका, मंगळ बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. एकदा त्यांच्यासमोरच मी फोनवर कुणाला तरी फी सांगत होते, पाचशे म्हटलं आणि लगेच पुढे पाच वाक्यं सारवासारवीची. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "बेन, भाव बोल्या पछी चूप रहेवानुं." भाव सांगितला की गप्प राहायचं, बस. घरी जाऊन मी खरंच आरशासमोर वीस वेळा बोलले, "एका सेशनची फी बाराशे रुपये, पन्नास मिनिटांची", आणि ओठ बंद. हसायचं नाही, "पण" म्हणायचं नाही. पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता होते, ती आपल्याला फार लांब वाटते, पण तेवढ्यात तो माणूस हिशोब करत असतो, त्याला करू द्या. परवडत नसेल तर तो सांगेल, आणि मग त्यावर मोकळेपणाने बोलता येतं.

पाचशेवरून बाराशे कसे झाले हे जरा नीट सांगते कारण इथेच सगळ्या अडकतात, कुणीतरी मैत्रीण किती घेते ते बघून आकडा ठरवतात. वही घ्या आणि लिहा. मी आठवड्याला १६ सेशन नीट करू शकते, त्याहून जास्त घेतले की शेवटच्या माणसाला मी अर्धीच मिळते. वर्षाचे ५२ आठवडे धरू नका, आजारपण, सुट्ट्या, दिवाळी, उत्तरायणाचे दोन दिवस, आणि नवरात्रीच्या नऊ रात्री तर बडोद्यात संध्याकाळी सातनंतर कुणी येतच नाही, अर्ध्याहून जास्त जण गरब्याला. मी ४६ धरते. ७३६ सेशन झाले. त्यातले साधारण १५ टक्के रद्द होतात, उरले सव्वासहाशे. आता खर्च: भाडं महिन्याला ९ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ८ हजार, सुपरव्हिजन ३६ हजार, लाइट-इंटरनेट-साफसफाईवाल्या मावशी मिळून ३६ हजार, माझी स्वतःची थेरपी २४ हजार, ट्रेनिंग आणि पुस्तकं ३० हजार. बेरीज २ लाख ३४ हजार. ५०० रुपये फीने सव्वासहाशे सेशनचे येतात ३ लाख १२ हजार ५००, खर्च जाऊन महिन्याला हातात साडेसहा हजार. पूर्ण वर्ष राबून साडेसहा हजार! हा आकडा पहिल्यांदा वहीत दिसला तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. बाराशेने साडेसात लाख येतात, खर्च जाऊन महिन्याला ४३ हजार, त्यातून टॅक्स, विमा, म्हातारपणाची सोय सगळं माझं मलाच. हे माझे आकडे आहेत, तुमच्या गावाचे, तुमच्या अनुभवाचे वेगळे असतील, पण वही स्वतः लिहा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

त्याच वहीतून अजून एक कळलं. खर्चाला सेशनांनी भागलं तर एक सेशन मला ३७४ रुपयांना पडतं. म्हणजे चारशेच्या खाली गेले की पदरमोड. ज्यांना बाराशे परवडत नाहीत त्यांच्यासाठी मी आठवड्याच्या तीन जागा ४०० रुपयांत ठेवल्यात, त्याने माझे वर्षाला साधारण ९४ हजार कमी होतात, महिन्याचे ४३ चे ३५ होतात, आणि ते मला मान्य आहे कारण ते मी डोळे उघडे ठेवून ठरवलंय. आधी मी ज्याचा चेहरा पडलेला दिसेल त्याला फी कमी करायची, त्यात ज्यांना खरी गरज पण मागायची लाज वाटते असे लोक राहूनच जायचे, आणि जो नीट बोलतो त्याला सूट मिळायची. तीन जागा भरल्या की भरल्या, वेटिंग लिस्ट. आणि ज्यांना तेही शक्य नाही त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, हा फुकट आहे आणि गुजरातीत-हिंदीत बोलता येतं. हे तीन पत्ते मी कार्डावर लिहूनच ठेवलेत.

आता नातेवाईक. बडोद्यातलं मराठी जग छोटं आहे, दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर, कुठेही जा दोन प्रश्नांत ओळख निघते. माझी एक आत्या म्हणाली होती, "नुसतं बोलायचे पैसे घेतेस?" तेव्हा फार लागलं होतं मला. आता तसं कुणी विचारलं तर मी शांतपणे सांगते की आत्या, त्या पन्नास मिनिटांमागे माझी नोट्सची वीस मिनिटं आहेत, दर पंधरा दिवसांनी मी माझ्या वरच्या माणसाला केस दाखवते, आणि तू मला जे सांगशील ते तुझ्या भावाला पण कळणार नाही, त्याचे पैसे आहेत. आणि ओळखीतल्यांना मी घेतच नाही, फुकट पण नाही आणि पैसे देऊन पण नाही, दुसऱ्या थेरपिस्टकडे पाठवते. परवा ज्याचं दुःख ऐकलं त्याच्याच पंगतीत उद्या जेवायला बसायचं, त्याला अवघडतं आणि आपल्यालाही.

रद्द करण्याचा नियम पहिल्याच भेटीत कागदावर द्या. माझा असा आहे की २४ तास आधी कळवलं तर काही नाही, त्यानंतर अर्धी फी, आजारपण-अपघात असेल तर माफ. आणि पैसे सेशनच्या आधी. शेवटी घेत होते तेव्हा रडून मोकळं झालेलं माणूस डोळे पुसत पर्स शोधतंय हे मला बघवायचं नाही.

यूपीआयबद्दल एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती तुम्हाला सांगते. माझ्या क्यूआर कोडवर पहिल्यांदा सेंटरचं नाव होतं, त्यात काउन्सेलिंग हा शब्द. एका क्लायंटचं खातं सासऱ्यांबरोबर जॉइंट होतं, स्टेटमेंटमध्ये ते नाव दिसलं आणि घरात चौकशी सुरू झाली, की हिला कसलं काउन्सेलिंग लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा माणसाचा हक्क मानलाय, आणि मी माझ्या क्यूआर कोडने ती मोडत होते, नकळत. त्या दिवसापासून खातं नुसत्या माझ्या नावाने, आणि पहिल्याच भेटीत विचारते की पैसे कसे दिलेले तुम्हाला बरे पडतील, पावतीवर काय लिहू.

काम वाढतं कसं हे पण सगळे विचारतात. इन्स्टाने मला पहिल्या वर्षात दोन क्लायंट दिले असतील. खरं काम आलं ते मी एका बालरोगतज्ज्ञाला आणि एका स्त्रीरोगतज्ज्ञाला जाऊन भेटले, दहा मिनिटं, मी काय करते आणि काय करत नाही ते सांगितलं, तिथून. बाळंतपणानंतर रडू येणाऱ्या मुली, अभ्यासावरून घरात रोज भांडण असलेली मुलं. कमिशन कुणाला देऊ नका आणि घेऊ नका, डॉक्टरांना तर मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेतच ते मना आहे, आणि कुणी मागितलंच तर तिथून उठून या. क्लायंटकडून स्टार आणि रिव्ह्यू मागू नका, ज्याने आपल्यापुढे मन उघडलं त्याला असं काही मागितलं की तो नाही म्हणू शकत नाही. पाटीवर जे आहात तेच लिहा, आरसीआयमध्ये (भारतीय पुनर्वसन परिषदेत) नोंदणी असेल तरच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मी नाही म्हणून माझ्या पाटीवर काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट आहे आणि त्याने माझं एकही काम अडलेलं नाही. बडोद्यातून अमेरिकेत गेलेल्यांच्या घरचे पण विचारतात, मुलाला ऑनलाइन घ्याल का. तिथे प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं असतं आणि क्लायंट जिथे बसलाय तिथला नियम लागतो, म्हणून मी नाही म्हणते, डॉलर बघून मोह झाला होता एकदा, पण नाही.

हिशोबाचं पटकन. धंद्याचं खातं वेगळं ठेवा, पहिल्या दिवसापासून. सेवेच्या धंद्यात वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची घाई नसते. शाळा-कंपनीत वर्कशॉप घेतलं आणि रक्कम मोठी असेल तर ते १० टक्के टीडीएस कापून पैसे देतात, तो बुडाला असं समजू नका, रिटर्न भरताना हिशोबात येतो. वर्षाचा टॅक्स १० हजारांच्या वर जाणार असेल तर अॅडव्हान्स टॅक्स हप्त्यांनी भरावा लागतो, मला हे मार्चमध्ये कळलं आणि व्याज भरलं. एक चांगला सीए पहिल्या वर्षीच गाठा. फी वाढवायची असेल तर मी १ एप्रिलला वाढवते आणि फेब्रुवारीत प्रत्येकाला समोर बसून सांगते, व्हॉट्सअॅपवर नाही, कारण त्यावर माणसाला राग येऊ शकतो, टाकून दिल्यासारखं वाटू शकतं, आणि ते बोलायला जागा तीच खोली आहे.

नोकरी कधी सोडायची हे राहिलं. मी एका शाळेत अर्धा दिवस काउन्सेलर होते, आणि ठरवलं होतं की आठवड्याला दहा सेशन सलग सहा महिने टिकले आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की राजीनामा, त्याआधी नाही. घाई करू नका, कारण भाड्याची चिंता असली की आपण ज्याला दुसरीकडे पाठवायला हवं त्यालाही धरून ठेवतो, हे माझ्या बाबतीत झालंय.

राजीनामा दिला त्या संध्याकाळी घरी सांगितलं. आई काही बोलली नाही. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एवढंच विचारलं, "आणि पेन्शन?" मी वही आणून दाखवली, १६, ४६, ३७४, सगळं. त्यांनी बँकेतल्या सवयीने प्रत्येक बेरीज पेन्सिलीने पुन्हा करून पाहिली, बराच वेळ. मग म्हणाले, उद्या अकरा वाजता तयार राहा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या जुन्या शाखेत गेलो आणि माझं पीपीएफ खातं उघडलं. फॉर्म त्यांनीच भरला, १५ वर्षांची मुदत वगैरे काउंटरवरच्या मुलाला तेच समजावून सांगत होते, आणि व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी विचारल्याशिवाय लिहिलं, स्वतःची प्रॅक्टिस.