मानसशास्त्राची पदवी आणि ख्रिस्ती विश्वास: वही कशी ठेवावी

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे संशोधनात काय मोजलं, किती जणांवर, कसं. उजवीकडे त्यावरून माणसाविषयी काढलेला निष्कर्ष. विश्वासाशी खटका उडतो तो बहुधा उजवीकडे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1927 साली धर्माला भ्रम म्हटलं, ते त्याचं तत्त्वज्ञान. प्रयोगातून निघालेलं नव्हे. उलट मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट आणि रॉस यांची 1967 ची 20 विधानांची प्रश्नावली बघा: श्रद्धा जगणारा आणि श्रद्धेचा उपयोग करून घेणारा, असा भेद ती करते. उपदेशकांनीही वाचावी अशी आहे.

नैराश्याचा धडा आला की बायबलमधल्या ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19 वा अध्याय शेजारी ठेवा. संदेष्टा एलीया मरण मागतो. त्याला आधी झोप, भाकर, पाणी मिळतं, तेही दोनदा. बोलणं नंतर. तरी हा उतारा म्हणजे निदानाचे निकष नव्हेत.

परीक्षेत बायबलचं वचन पुरावा म्हणून लिहू नका, गुण जातात. चर्चच्या मंडळीत मैत्रिणीला ‘तुला अमुक विकार आहे’ असंही सांगू नका. पदवीने तो अधिकार मिळत नाही. संख्याशास्त्र मात्र रोज अर्धा तास करा, बहुतेकांची गाडी तिथेच अडते.