तूप बंद केलं आणि खारी सुरू झाली: ब्लॉकेजच्या पथ्यातल्या या चुका टाळा

हृदयरोगाच्या पेशंटना आहार सांगणं हे माझं रोजचं काम. समोरचा माणूस नीट टेकायच्या आधीच पहिलं वाक्य येतं, "मॅडम, तूप पूर्ण बंद केलंय." सांगण्यात अभिमान असतो. मी विचारते, "बरं, त्याच्या जागी काय सुरू केलंत?" मग नवरा बायकोकडे बघतो, बायको छताकडे.

सगळा घोळ या उत्तरात असतो. धमन्यांमध्ये चरबी साठणं, म्हणजेच ब्लॉकेज, हे एका पदार्थाचं काम नाही, आणि ते थांबतं तेही एका पदार्थाने नाही. वर्षानुवर्षं ताटात एकूण काय पडतं, यावर ते ठरतं. पण लोकांना गुन्हेगार एकच हवा असतो आणि औषधही एकच. तूप वाईट, लसूण चांगला, संपला विषय.

एक काढलं, पण जागा कशाने भरली?

अँजिओप्लास्टी झालेले एक काका आठवतात. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसला त्या आठवड्यात घरातून तूप, अंडी, शेंगदाणे आणि ओलं खोबरं हद्दपार. काकू सांगत होत्या, "मॅडम, दाण्याचा कूटसुद्धा भाजीत पडत नाही आता." काही महिन्यांनी रिपोर्ट आला तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे खाली होतं, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेले, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घसरलेलं, वजन वाढलेलं आणि साखर काठावर. काका वैतागले, "एवढं सगळं सोडलं तरी?"

दिवसभराचं विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. सकाळी चहाबरोबर खारी आणि टोस्ट, का तर ते हलकं. मग पोहे. दुपारी चपात्या, दोनदा भात, पातळ आमटी, बटाट्याची भाजी. चारला पुन्हा चहा-बिस्किटं. रात्री "काही जड नको" म्हणून मऊ भात. त्यात सोमवार आणि गुरुवार साबुदाणा. चरबी गेली, तिची जागा मैदा, पॉलिश केलेला तांदूळ आणि साखरेने घेतली. जादा स्टार्च आणि साखरेचे यकृत ट्रायग्लिसराइड बनवतं. पोटाचा घेर, चढे ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल हे त्रिकूट आपल्याकडे घरोघरी दिसतं. एलडीएल फार नसतानाही हृदयविकाराचा धोका वाढतो, त्यातलं हे एक मोठं कारण.

आणि खारी हलकी कशी? बोटांना लागतं ते काय असतं? मैद्याच्या पदरांमध्ये वनस्पती तूप किंवा मार्गारिन घालूनच ती फुलते. २०२२च्या जानेवारीपासून खाद्यपदार्थांच्या तेला-तुपात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. तो पाळला तरी ट्रान्स फॅटच्या जागी बहुतेकदा पामची चरबी येते, आणि पामतेलात निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, असते. चहाचा एक चमचा साजूक तूप म्हणजे सुमारे ३ ग्रॅम संपृक्त चरबी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २००० कॅलरी खाणाऱ्याची दिवसाची कमाल मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास येते. हृदयरोग असेल तर त्याहून बरंच कमी धरा. तरीही वरणावरचा एक चमचा हा काकांचा प्रश्न नव्हताच.

संपृक्त चरबी कमी करून तिथे करडई, शेंगदाणा, सोयाबीन अशा तेलांमधली असंपृक्त चरबी आणि कडधान्यं आणली तर धोका कमी होतो. तिथे मैदा आणि साखर आणली तर हाती काही लागत नाही. काकांना मी खारी आणि बिस्किटं सोडायला लावली आणि कूट परत आणला. रोज एक वाटी मटकी, चवळी किंवा हुलग्याची उसळ, रात्री ज्वारीची भाकरी, भात एकदाच, तूप एक चमचा. काकू मनातून खूश होत्या, त्यांनाही ते बेचव जेवण नकोच होतं. पुढच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड उतरले. गोळी अर्थातच चालू होती.

"आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला कसं होईल?"

होतं. मैदा, बटाटा, साखर, वेफर्स आणि कोल्ड्रिंक हे सगळं शाकाहारीच आहे. अमेरिकेत दोन लाखांहून जास्त परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. २०१७ साली त्यावरून एक अभ्यास आला. वनस्पतीजन्य आहाराचे त्यांनी दोन भाग केले. पूर्ण धान्य, भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं आणि दाणे एकीकडे. मैद्यासारखी धान्यं, बटाटे, ज्यूस आणि गोडधोड दुसरीकडे. पहिल्या प्रकारचा आहार सर्वात जास्त घेणाऱ्यांना तो सर्वात कमी घेणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी दिसला. दुसऱ्या प्रकारात तशीच तुलना केली तर धोका सुमारे ३२ टक्के जास्त निघाला. दोन्ही मोजमापांत प्राणिजन्य पदार्थ कमी खाल्ले की गुण जास्तच मिळत होते, फरक पडला तो बाकीच्या ताटाने. म्हणून माळ घातली आहे हे सांगू नका, संध्याकाळी पाच वाजता काय खाता ते सांगा.

लाकडी घाण्याचं तेल आहे म्हणून

ही सध्याची फॅशन. घाण्याचं तेल चवीला छान, मीही वापरते. पण तेल कुठलंही असो, एका ग्रॅमला ९ कॅलरी. घाण्यातून काढलं म्हणून खोबरेल तेलातली संपृक्त चरबी कमी होत नाही. ती ८० टक्क्यांच्या वरच असते. आणि पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" छापलंय म्हणून भुलणाऱ्यांना काय सांगावं? कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असतं. ते वनस्पती तेलात नव्हतंच, काढणार काय!

मी पेशंटला खाण्याची डायरी लिहायला सांगत नाही. डायरीत लोक खोटं लिहितात, तेही सुवाच्य अक्षरात. मी महिन्याचं किराण्याचं बिल मागते. चौघांच्या घरात ५ लिटर तेल म्हणजे माणशी दिवसाला ४० मिलिलिटरच्या वर. ५ किलो साखर म्हणजे माणशी ४० ग्रॅमच्या पुढे. २५च्या आत असेल तर उत्तम. मिठाची १ किलोची पिशवी महिन्यात संपली तर माणशी ८ ग्रॅम, जेव्हा ५च्या आत हवं. लोणचं, पापड आणि फरसाण यात धरलेलंच नाही. मग कडधान्यांची ओळ शोधते. बऱ्याच बिलांवर रवा, मैदा, साबुदाणा, पोहे, शेव असं सगळं असतं आणि मटकी पाव किलो, तीही मिसळीसाठी. त्या कागदावर घरातल्या रक्तवाहिन्यांचं भविष्य मला कुंडलीपेक्षा बरं दिसतं.

उपाय माझा घरगुती आहे. महिन्याचं तेल एक तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं, माणशी अर्धा लिटर. संपलं की संपलं. पाहुणे आले, दिवाळी आली, ही कारणं मला सांगायची नाहीत.

ब्लॉकेज उघडणारा काढा

लिंबू, आलं, लसूण यांचा रस, ॲपल सायडर व्हिनेगर आणि मध. हा निरोप व्हॉट्सॲपवर आला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. स्टेंट बसलेले एक गृहस्थ हा काढा नेमाने घेत होते. इथवर ठीक, फार तर छातीत जळजळ होईल, तशी ती होतही होती. पण त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी थांबवली होती, आणि "लसूण रक्त पातळ करतो" म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळीसुद्धा. मी आहाराचा कागद बाजूला ठेवला आणि त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. स्टेंट असताना ही गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. त्या दिवशी केबिनमधून जो आवाज आला तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकला. बरं झालं, चार जण शहाणे झाले असतील.

धमनी म्हणजे मोरीचा पाइप नव्हे, की वरून काहीतरी ओतलं आणि तुंबलेलं वाहून गेलं. चरबी नळीच्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत साठते. एलडीएलचे कण आतल्या अस्तरातून शिरतात, तिथे अडकून बिघडतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि फुगून तिथेच बसतात. वर तंतूंचं टोपण तयार होतं, पुढे त्यात कॅल्शियमही साचतं. ते टोपण फाटलं की त्यावर रक्ताची गुठळी होते, आणि बहुतेक वेळा हार्ट अटॅक येतो तो असा. चांगला आहार आणि गोळ्या मिळून हे साठणं मंद करतात, टोपण घट्ट ठेवतात. जुना थर थोडाफार कमी होऊ शकतो, पण तो महिना-दोन महिन्यांच्या काढ्याने नाही. सुरुवातही लवकर होते. कोरियन युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत या आजाराच्या खुणा होत्या. विशीतलं साठलेलं साठीत एकवीस दिवसांत काढायला निघालेल्यांशी मी वाद घालत नाही, फक्त गोळ्या चालू आहेत ना ते विचारते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

उपास म्हणजे पथ्य नव्हे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, वर तूप आणि बटाटा. फळ चावून खा, ज्यूस नको. ज्या तेलात तळलं त्यातच पुन्हा तळू नका. ओट्सचं पाकीट आणलंत तर आधी त्यावरची साखर आणि मीठ वाचा. ऑलिव्ह ऑइलवर पैसे उधळू नका. स्पेनमधल्या ज्या मोठ्या चाचणीचा दाखला देतात ती २०१३ साली आली, पद्धतीतल्या त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८ साली पुन्हा छापली आणि निष्कर्ष टिकला. पण तिथे लोकांना फक्त तेलाची बाटली किंवा मूठभर अक्रोड-बदाम दिले नव्हते, भाज्या, डाळी आणि मासे असा सगळा आहारच सांगितला होता. आपल्याकडे शेंगदाणे आहेत, मूठभर, भाजलेले, खारे नकोत.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त हसवते. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायचं म्हटलं की आठ दिवस आधी घरात एकदम सात्त्विक राज्य. दारू बंद, गोड बंद, रात्री सूप. ट्रायग्लिसराइड काही दिवसांत उतरतात, त्यामुळे रिपोर्ट चकाचक, आणि लॅबमधून बाहेर पडताच समोरच्या गाड्यावर वडापाव. त्याच रक्तात मी एचबीए१सी करायला सांगते. ती तपासणी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, आठ दिवसांच्या सोवळ्याला ती फारशी दाद देत नाही.