लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना

सांगलीच्या मार्केट यार्डात मी हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांचे हिशेब लिहिते. सौद्याच्या मोसमात संध्याकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, काढायच्या असतात, २० तारखेच्या आत जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं, आणि दुकानातला लॅपटॉप नुसता चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. मालक म्हणतात, "ताई, नवाच घेऊन टाकू." मी त्यांना थांबवते. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर हिशेबाच्या कामाला बहुतेक वेळा आजही पुरतो. गाडी अडते ती हार्ड डिस्कपाशी. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की तोच लॅपटॉप मिनिटभराच्या आत कामाला लागतो. स्क्रू काढणं-लावणं अर्ध्या तासाचं. त्याआधीची तयारी मात्र सावकाश करायची, कारण त्या डिस्कवर दुकानाचा सगळा व्यवहार असतो.

आधी दुखणं डिस्कचंच आहे ना, ते बघा. लॅपटॉप रेंगाळत असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत, असं दिसलं तर संशय नको. तिथेच रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, हीही बघून घ्या. ४ जीबी असेल आणि तीही भरलेली, तर एसएसडीने फरक पडेल, पण ८ जीबी केल्याशिवाय समाधान होणार नाही. झाकण उघडणारच आहात, तर दोन्ही एकदम करा.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, आणि वाचणारं डोकं तिच्यावर मागेपुढे सरकतं. सलग मोठी फाइल ती सेकंदाला शंभरेक एमबीच्या वेगाने देऊ शकते. पण विंडोज सुरू होताना असंख्य बारक्या फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलाव्या लागतात. एकेका कागदासाठी दिवाणजीने शिडी लावून माळ्यावर चढावं, तसं ते काम चालतं. एसएसडीत हलणारा भागच नाही. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सलग वाचताना सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, पण खरा फरक पडतो तो या बारक्या फाइलींत.

विकत घेताना लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर हाताशी ठेवा. तो खालच्या स्टिकरवर असतो. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर फार सोपं होतं, कारण कुठला स्क्रू कुठे आहे तेही त्यात चित्रासह असतं. जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्क असते. तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी सरळ बसते. काही लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कशिवाय एम.२ ची एक जागा रिकामी ठेवलेली असते. पट्टीसारखी एसएसडी तिथे बसते, आणि बहुतेक ठिकाणी २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब हे माप चालतं. पण एम.२ हा फक्त आकार झाला. त्यात साटा आणि तिच्याहून वेगवान जोडणीची एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, आणि एनव्हीएमई पट्टी फक्त साटा चालणाऱ्या जागेत घातली तर लॅपटॉपला ती दिसणारच नाही. हे मॅन्युअलमध्ये बघूनच ऑर्डर द्या. हिशेबाच्या कामाला ५०० जीबी भरपूर. पक्कं जीएसटी बिल घ्या, वॉरंटी किती वर्षांची ते बघा, आणि अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या २ टीबीच्या अनोळखी डिस्कच्या नादी लागू नका. त्यांतल्या कित्येक बनावट असतात; आकडा २ टीबीचा दाखवतात, आत जागा त्याच्या कितीतरी कमी.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. काही खरेदी करण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात 'गुड' दिसलं तर पुढे जा. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब होत चाललेल्या जागांचा, आकडा वाढताना दिसला, तर अख्ख्या डिस्कची नक्कल काढत बसू नका. त्यात डिस्कला टोकापासून टोकापर्यंत राबावं लागतं, आणि दमलेली डिस्क तिथेच मान टाकते. आधी फक्त आवश्यक फाइली बाहेर काढा: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर, एक्सेलच्या याद्या, रिटर्नच्या पोचपावत्या, फोटो. आतून टक् टक् आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. अशा डिस्कवर घरी प्रयोग करायचे नाहीत.

डिस्क निरोगी असली तरी बॅकअप दोन जागी घ्या, आणि त्यातली एक जागा लॅपटॉपच्या बाहेरची हवी. बॅकअप घेतला एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो रिस्टोअर करून एखादी जुनी पट्टी उघडते का, ते बघा. टॅली वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: तिचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. डिस्क बदलण्याआधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. ऐन रिटर्नच्या दिवशी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्सशिवायच्या मर्यादित रूपात, उघडली की दुकानात सगळ्यांचे चेहरे उतरतात. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कुठून मिळतो तेही लिहून ठेवा. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड तुम्हाला स्वतःला पाठ आहेत का, हेही तपासा.

अजून एक कुलूप असतं, आणि बऱ्याच जणांना ते लागलेलं आहे हेच माहीत नसतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. मग एन्क्रिप्शन बंद करा, ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा, आणि नव्या डिस्कवर सगळं स्थिरावलं की परत चालू करा.

पुढचा प्रश्न, क्लोन मारायचा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर काढायची, की नवं विंडोज टाकायचं. व्हायरस, फुकटचे टूलबार, वर्षानुवर्षांचा गाळ साचला असेल तर नवं विंडोज टाकलेलं चांगलं. त्याला निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल लागतं. लॅपटॉपसोबत आलेलं अस्सल विंडोज असेल तर डिस्क बदलल्याने अ‍ॅक्टिव्हेशन जात नाही. त्याची नोंद मदरबोर्डशी जोडलेली असते. मात्र दुकानात किंवा डीटीपीच्या टेबलावर मराठी टायपिंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल, त्याची सीडी हरवलेली असेल आणि सगळी पत्रं त्याच्याच फॉन्टमध्ये असतील, तर मी क्लोनच सुचवते. ते सॉफ्टवेअर परत मिळवण्यात आठवडे जातात.

क्लोनसाठी साटा-ते-यूएसबी केबल किंवा केसिंग घ्या, नवी एसएसडी त्याला लावा आणि एसएसडीच्या कंपनीने दिलेलं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर वापरा. क्लोनझिला फुकट आणि भरवशाचं आहे, पण नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी अशी त्याची अट असते. १ टीबीच्या हार्ड डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर जायचं असेल तर कंपनीचंच सॉफ्टवेअर सोयीचं. भरलेला डेटा नव्या जागेत मावला म्हणजे झालं. कुठली डिस्क 'सोर्स' आणि कुठली 'डेस्टिनेशन', हे नाव आणि जीबी दोन्ही मोठ्याने वाचून मगच बटण दाबा. उलट झालं तर रिकाम्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर चढते. चार्जर लावलेला ठेवा, आणि घरात इन्व्हर्टर नसेल व लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल, तर वीज जाणाऱ्या दिवशी हे काम काढूच नका.

उघडण्याआधी शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. बारीक फुली टोकाचा चांगला स्क्रू ड्रायव्हर हवा; झिजलेल्या टोकाने स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग तो जन्मात निघत नाही. कागदावर लॅपटॉपची खालची बाजू काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. त्यांची लांबी सारखी नसते, आणि आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या बाजूने बाहेर येतो. सगळे निघाले तरी झाकण हलत नसेल तर रबरी पायांखाली बघा, तिथे स्क्रू लपलेले असतात. मग जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीत घालून हळूहळू फिरवा. काही मॉडेलमध्ये कीबोर्डच्या बाजूने उघडावं लागतं, आणि त्याखाली पातळ रिबन केबल असते. तिथे ओढाओढ नको. बॅटरी आत असेल तर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा.

यार्डातला लॅपटॉप उघडला की आत पिवळं पीठ दिसतं. हळदीची धूळ पंख्यात, जाळीत, रॅमच्या खाचेत गेलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसू नका, चिखल होऊन आणखी चिकटते. कोरड्या मऊ ब्रशने मोकळी करा, पंख्याचं पातं बोटाने धरून मग हवा मारा. थंडावा सुधारला तर लॅपटॉपचा वेगही सुधारतो, म्हणून हे दहा मिनिटांचं काम टाळू नका.

हार्ड डिस्क बहुधा पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. चौकटीचे स्क्रू काढा आणि डिस्क कनेक्टरपासून दूर, आडवी सरकवा. सरळ वर उचलली तर कनेक्टर मोडतो. चौकट एसएसडीवर तशीच लावा आणि सरकवून पूर्ण आत जाऊ द्या. जुन्या डिस्क बऱ्याचदा ९.५ मिलिमीटर जाडीच्या असतात, एसएसडी ७ मिलिमीटरची. चौकट नसेल तर ती हलेल, म्हणून सोबतची प्लास्टिकची कड चिकटवा. एम.२ पट्टी तिरकी घालायची, मग खाली दाबून टोकाचा स्क्रू लावायचा.

झाकण लावण्याआधी बॅटरी परत जोडा, एकदा चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, नवी डिस्क दिसते का बघा. त्यासाठी चालू होतानाच दाबायचं बटण डेल, एसर, आसुसमध्ये बहुधा एफ२, एचपीमध्ये एफ१०. दिसली नाही तर बंद करून, बॅटरी सोडवून, परत नीट बसवा. क्लोन केला असेल तर बायोसमधली लॅपटॉप सुरू होण्याची पद्धत, यूईएफआय किंवा लेगसी, जशी होती तशीच राहू द्या. दोन्ही डिस्क लॅपटॉपमध्ये ठेवायच्या असल्या तरी पहिल्यांदा फक्त नव्या डिस्कवर चालू करा, नाहीतर कुठलं विंडोज उघडलं ते कळत नाही.

सुरू झाल्यावर 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मध्ये ती सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणून दिसायला हवी. पुढची देखभाल विंडोज स्वतः करतं, हार्ड डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइली सलग लावणारा डीफ्रॅग वेगळा मारू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि बरेच जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करणार असाल तर त्याचा विचार आत्ताच करा.

काढलेल्या हार्ड डिस्कवर तारीख आणि दुकानाचं नाव लिहा आणि एक पूर्ण रिटर्नचा महिना पार पडेपर्यंत तिला हात लावू नका. काहीतरी राहिलं हे बहुधा तेव्हाच कळतं. त्यानंतर, ती निरोगी असेल तर केसिंगमध्ये घालून आठवड्याच्या बॅकअपला वापरा. एसएसडी बिघडते तेव्हा आधी आवाज करत नाही, एखाद्या सकाळी दिसेनाशीच होते, त्यामुळे हा बॅकअप आता जास्त गरजेचा. भंगारात द्यायची असेल तर आधी तिच्यावर पूर्ण फॉरमॅट मारा, क्विक नको. शेतकऱ्यांचे आधार आणि बँकेचे खाते क्रमांक त्यावर असतात, आणि ते आपल्या भरवशावर दिलेले आहेत.