नोटीस पिरियडवरून कंपनीशी वाद झाल्यास कर्मचाऱ्याने काय करावे

पुण्यातील किंवा नवी मुंबईतील एखाद्या आयटी कर्मचाऱ्याला नवी कंपनी ३० दिवसांत रुजू व्हायला सांगते आणि त्याच्या जुन्या नियुक्तीपत्रात मात्र ९० दिवसांचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करत राहण्याची मुदत, लिहिलेला असतो. मधल्या ६० दिवसांवरून वाद सुरू झाला की ‘राजीनामा मंजूरच केलेला नाही’, ‘रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचे पत्र) मिळणार नाही’, ‘अ‍ॅबस्काँडिंग (न सांगता निघून गेलेला) दाखवू’ अशी वाक्ये ऐकू येऊ लागतात आणि पुष्कळ जण घाबरून हाती आलेली नोकरी सोडून देतात. खासगी नोकरीत करार मोडल्याबद्दल कंपनी पैशांची मागणी करू शकते, परंतु माणसाला कामावर बांधून ठेवू शकत नाही, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलेले नसते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालयाच्या आदेशाने सक्तीने पार पाडून घेता येत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १४ चे तत्त्व आहे. सरकारी सेवेचे आणि विमानाच्या वैमानिकांचे नियम वेगळे असल्यामुळे त्यांना पुढील विवेचन जसेच्या तसे लागू होणार नाही.

राजीनामा लिहिण्याआधी नियुक्तीपत्र, त्यानंतरची बढतीची पत्रे आणि कंपनीचे एचआर धोरण शांतपणे वाचावे, कारण बढतीच्या पत्रातून नोटीस पिरियड वाढवलेला असतो आणि ते अनेकांच्या लक्षातही येत नाही. वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: दोन्ही पक्षांसाठी मुदत सारखीच आहे का, उरलेल्या दिवसांऐवजी पैसे भरून सुटण्याचा, म्हणजे बायआउटचा, अधिकार कर्मचाऱ्याला आहे की तो कंपनीच्या मर्जीवर ठेवला आहे, आणि ती रक्कम मूळ वेतनावर मोजायची की एकूण पगारावर. तिसऱ्या मुद्द्याने किती फरक पडतो ते उदाहरणाने पाहू. एकूण मासिक पगार ७५,००० रुपये, मूळ वेतन ३०,००० रुपये आणि ४० दिवस कमी पडत असतील, तर महिना ३० दिवसांचा धरून एकूण पगारावर १,००,००० रुपये होतात, तर मूळ वेतनावर ४०,०००. कलमात ‘मूळ वेतन’ असे लिहिलेले असताना मोठ्या आकड्याची मागणी आली, तर तेच कलम उद्धृत करून लेखी हरकत घ्यावी.

राजीनामा ईमेलनेच द्यावा, त्यात तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस स्पष्ट लिहावा आणि त्याची प्रत वैयक्तिक ईमेलवर ठेवावी. केवळ पोर्टलवर राजीनामा नोंदवून थांबू नये, कारण शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होते आणि पुरावाही त्याबरोबर जातो. माझ्या मते संपूर्ण वादात याहून महत्त्वाची पायरी नाही. वरिष्ठांशी फोनवर किंवा बैठकीत काही ठरले, तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून ते ईमेलने कळवावे. काम कोणाकडे सोपवले, लॅपटॉप आणि ओळखपत्र कधी परत केले याची पोच घ्यावी. इतके केल्यानंतर ‘न सांगता निघून गेला’ हा आरोप टिकणे अवघड होते. कंपनीचा गोपनीय मजकूर मात्र स्वतःकडे पाठवून घेऊ नये, त्याने आपलीच बाजू कमकुवत होते.

भरपाईची मागणी आली तर ती लगेच मान्य करू नये आणि दुर्लक्षही करू नये. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. पण म्हणून बाँड, म्हणजे ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, हा कोरा कागद आहे असेही समजू नये. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल २ लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लावला असेल, तर तो लागू नाही हे ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. तसा उल्लेख करून तो वगळायला सांगावे.

पगाराच्या बाबतीत कायदा आता अधिक स्पष्ट झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे, आणि व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीही या संहितेच्या कक्षेत येतात. ‘फुल अँड फायनलला (अखेरच्या हिशेबाला) ४५ दिवस लागतात’ ही कंपन्यांची सवय आहे, कायदा नव्हे. एका वेतन कालावधीतील एकूण कपातही वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक असू नये.

रिलीव्हिंग लेटर अडवले, तर राजीनाम्याची ईमेल, पोच, पगाराच्या स्लिप आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक नव्या कंपनीपुढे ठेवून स्थिती आधीच सांगावी. ती बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये (आधीच्या नोकरीच्या पडताळणीत) अचानक उघड होण्यापेक्षा हे बरे. निधीच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला ती स्वतः नोंदवता येते.

लेखी पाठपुराव्याने काम झाले नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवावी आणि थकीत वेतनासाठी आपल्या भागातील कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. वेतन संहितेखाली दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत मदत मिळते.